चुकलेल्याला एक गुण

चुकलेल्याला एक गुण देणारा खेळ मी उभ्या जन्मात एकच पाहिला, आणि तो खेळलेला माणूसही एकच. माणूस ऑस्ट्रेलियाचा, खेळही तिकडचाच, पण मी दोन्ही पाहिले ते हॉलंडात, कापेल आन डेन आयसेल नावाच्या गावात, एका आठ मजली इमारतीच्या मागच्या गवतावर.

मुलगा आणि सून तिथे नोकरीला आहेत. मी दर वर्षी तीन महिने जाते. त्याहून जास्त दिवसांचा व्हिसाचा शिक्का मिळत नाही, आणि मिळाला तरी मी राहणार नाही. हा ऑस्ट्रेलियाचा माणूस आमच्याच मजल्यावर, गॅलरीत आमच्यापासून तिसऱ्या दाराला राहायचा. सहा फुटांवर उंच, सत्तरीला टेकलेला, बायको वारलेली. सून त्याला अंकल म्हणायची. मी काहीच म्हणत नसे. तो मला आजी म्हणायचा, कारण नात तशी हाक मारते हे त्याने ऐकलं होतं. मी त्याच्यापेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठी असेन. सुनेकरवी मी त्याला तसं सांगितलंही. तो म्हणाला, "मग काय म्हणू?" आजीच राहिलं.

एक आधीच सांगते. मी चौथी शिकले. इंग्रजीचे शंभरेक शब्द येत असतील. त्याचं बोलणं मला निम्मं कळायचं, उरलेलं सून जेवताना समजावून सांगायची. इथे मी ते सगळं मराठीत मांडते आहे, त्यामुळे तो होता त्यापेक्षा शहाणा वाटेल. तसं समजू नये.

खेळ असा, त्याने टीव्हीवर जुने सामने लावून दाखवला तसा. मैदान अंड्यासारखं, चेंडूही अंड्यासारखा. एका बाजूला अठरा माणसं, दुसऱ्या बाजूला अठरा. अंगात बिनबाह्यांचा सदरा आणि अर्धी चड्डी. डोक्याला काही नाही, गुडघ्याला काही नाही. चेंडू हवेत गेला की तो धरायला एकमेकांच्या खांद्यावर गुडघे देऊन चढतात. दोन्ही टोकांना चार-चार खांब. लाथ मारलेला चेंडू मधल्या दोन खांबांतून गेला की सहा गुण. तिथून हुकला पण बाजूच्या खांबाच्या आतून गेला, तर एक.

मी विचारलं, "हुकला तर एक कशाला?"

"तिथपर्यंत आणला ना," तो म्हणाला.

"आमच्या शाळेत हुकलं की छडी मिळायची."

"तुमच्या शाळेत मी फार मार खाल्ला असता," तो म्हणाला.

खांबांपाशी पांढरा कोट घातलेला एक पंच उभा असतो. सहा गुण झाले तर तो दोन हातांची दोन बोटं पुढे करतो, एक झाला तर एकच बोट. ओरडत नाही, कुणाची समजूत काढत नाही. त्या सगळ्या धांगडधिंग्यात मला तेवढा एक माणूस पटला.

इमारतीच्या मागे गवत आहे, त्यापलीकडे पाण्याचा चर, आणि चराच्या अलीकडे एका ओळीत चार झाडं होती. तेच त्याचे खांब. रोज सकाळी दहा वाजता तो लाल कातड्याचा चेंडू घेऊन खाली उतरायचा, गुडघे दुखायचे म्हणून एकेक पायरी आडवा होऊन. लिफ्ट होती. लिफ्टने मैदानात कोण जातं, असं म्हणायचा. थंडी असो वा नसो, अर्ध्या चड्डीत. दहा वेळा चेंडू मारायचा, दहा वेळा स्वतःच आणायचा. चेंडू पाण्यात पडला की बदकांना शिव्या द्यायचा. बदकांचा काही दोष नसायचा.

एका वर्षी त्या चारांतलं एक झाड किडलं आणि खेमेन्तेने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, ते तोडलं. हा चेंडू काखेत मारून त्यांच्या कचेरीत गेला. झाड नको, नुसता खांब रोवा म्हणाला. ते म्हणाले, आम्ही झाडाच्या जागी झाड लावतो. महिन्याभराने एक काटकुळं रोप आलं आणि त्याला आधार म्हणून दोन्ही बाजूंना दोन मेढी. आता एका जागी तीन उभ्या काठ्या. तो पुन्हा कचेरीत गेला. तिथल्या बाईने विचारलं, नेमकी तक्रार काय? तो म्हणाला, "माझ्या मैदानाला सहा खांब झालेत." त्या बाईने ते लिहून घेतलं म्हणे. ते लोक सगळं लिहून घेतात.

आमची ओळख चेंडूवरून झाली. तो जिन्यात बसला होता आणि चेंडूची शिवण उसवली होती, आतला फुगा बाहेर डोकावत होता. त्याने वर चिकटपट्टी मारली होती. माझ्या माहेरी चपला करायचे. कातड्यावर चिकटपट्टी पाहून माझा हात शिवशिवला. मी हात पुढे केला, "गिव्ह."

"नो," तो म्हणाला.

"गिव्ह," मी म्हटलं.

दिला. माझ्या पेटीत आरी असतेच. दोऱ्याला मेण लावून जुन्याच भोकांतून टाके घेतले. नवीन भोक पाडलं की कातडं तिथून फाटत जातं. दुसऱ्या दिवशी त्याला चेंडू दिला तेव्हा तो बराच वेळ टाक्यांवरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "तुला माझं गुडघ्याचं ऑपरेशन करायला सांगायला हवं होतं." त्यानंतर तो आमच्याकडे येऊ लागला. लसणीची चटणी चमच्याने नुसती खायचा आणि डोळ्यांतलं पाणी पुसून पुन्हा खायचा.

त्याच्या हातांकडे बघवत नसे. दहा बोटं दहा दिशांना. प्रत्येक बोट कुठल्या सामन्यात मोडलं ते त्याला माहीत होतं. डाव्या करंगळीला तो ती जिथे मोडली त्या शहराच्या नावाने हाक मारायचा. हॉलंडात तीस वर्षं राहून कधी सायकलवर बसला नाही. बसून पळणं हे पळणं नव्हे, म्हणायचा. तीस वर्षांत तिथली भाषाही धड आली नाही. बायको तिथली होती. ती नर्स म्हणून ऑस्ट्रेलियात गेली होती, त्याची मान तिने बांधली आणि लग्न केलं. पुढे तिची आई आजारी पडली म्हणून दोघं इकडे आली, आणि हा बंदरात माल हलवायच्या गाडीवर लागला. तिथे त्याला कोणी ओळखत नव्हतं. त्याला ते बरं वाटायचं की वाईट, ते मला कळलं नाही. मी विचारलं नाही.

तिकडे मात्र तो अकरा वर्षं पैसे घेऊन खेळला होता. गव्हाच्या शेतावरचा पोरगा, अठराव्या वर्षी मेलबर्नला गेला. क्लबने त्याला खाटिकखान्यात कामाला चिकटवलं, कारण तेव्हा नुसत्या खेळावर पोट भरत नसे. दिवसा मांस उचलायचं, आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव, शनिवारी सामना. पुढे पैसे वाढले तसं खाटिकखाना सुटला. तो सगळ्यात मागे, आपल्या खांबांसमोर उभा राहायचा. समोरच्यांचा जो सगळ्यात जबर खेळाडू, त्याला अडवायचं, एवढंच काम. तो म्हणायचा, "मागच्या माणसाचं नाव पेपरात कधी येतं? तो चुकतो तेव्हा."

मागच्या माणसाला गुण करायची संधी नसते. अकरा वर्षांत याने एकदाच जागा सोडली, चेंडू घेऊन सगळं मैदान पळत गेला आणि मारला. हुकला. बाजूच्या खांबाच्या आतून गेला. पंचाने एक बोट केलं. पन्नास हजार माणसं हसली आणि मग उभी राहिली, असं तो सांगायचा. पन्नास हजार हा आकडा त्याचा. त्याच्या दाराच्या आत, जिथे लोक लग्नाचा फोटो लावतात, तिथे पेपरातलं एक कात्रण चौकटीत होतं. आडव्या ओळीत त्याचं नाव, पुढे सहाच्या रकान्यात शून्य, हुकल्याच्या रकान्यात एक. सगळ्या जन्माची कमाई.

"बायको काही म्हणाली नाही?" मी विचारलं.

"म्हणाली, शून्य तरी झाकून टाक."

आता डोक्याचं सांगते. या खेळात डोक्याला मार बसतो. गुडघा बसतो, कोपर बसतं, जमीन तर आहेच. माणूस आडवा झाला की डॉक्टर धावत यायचा, नाकाला उग्र वासाची बाटली लावायचा आणि तोंडासमोर बोटं धरून विचारायचा, किती? बरोबर सांगितलं की परत मैदानात.

"आमचा डॉक्टर कायम तीन बोटं दाखवायचा," तो म्हणाला. "कायम तीन. सगळ्यांना माहीत होतं. डोळ्यांना काही दिसलं नाही तरी म्हणायचं, तीन."

"डॉक्टरला कळत नव्हतं?"

"कळत होतं की. भला माणूस होता. आम्हाला खेळायचं होतं, त्याला आमचं मन मोडवत नव्हतं."

एका सामन्यात मध्यंतराच्या आधी त्याला असा मार बसला. तीन, म्हणाला आणि परत गेला. उरलेला सामना खेळला. समोरच्याला एकही गुण करू दिला नाही. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. त्याला मात्र त्यातलं काहीच आठवत नव्हतं, दुसऱ्या दिवशीही नाही, नंतर कधीच नाही. "माझी सगळ्यात चांगली मॅच," तो म्हणायचा, "सगळ्यांकडे आहे. माझ्याकडेच नाही." मेल्यावर डोकं तपासायला द्यायचं असं त्याने लिहून दिलं होतं. "कापून बघतील तेव्हा सापडेल. मी नसेन, एवढंच."

मी विचारलं, "भांडला नाहीस कुणाशी?"

"कुणाशी भांडू? तीन मीच म्हटलं होतं."

ती मॅच गेली, पण त्या दिवशी मैदानात उतरलेली अठरा माणसं त्याने पेपरातल्या यादीवरून पाठ करून ठेवली होती. मैदानात उभी असतात तशी, तीन-तीनच्या सहा ओळींत, मागून पुढे. सगळी टोपणनावं. पहिली ओळ मॅक, मग तो स्वतः, मग स्पड. दुसरी डॉक, ब्लू, नॉबी. तिसरी कर्ली, स्विफ्टी, बर्ट. चौथी डस्टी, मूस, रस्टी. पाचवी लेफ्टी, बिशप, टिच. सहावी टॉवर, बेकर, निप. स्वतःचं नाव तो घेत नसे. मॅक म्हटलं की चेंडू छातीवर आपटायचा, एक थाप, आणि पुढे स्पड. सतरा नावं आणि एक थाप, असे अठरा.

ब्लूचे केस लाल होते आणि कर्लीला टक्कल होतं. मी म्हटलं, आमच्याकडे याला नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा म्हणतात. सुनेला ते इंग्रजीत सांगता सांगता घाम फुटला.

ही यादी माझ्या गळ्यात पडली ती अशी. एका वर्षी मी पोचले त्याच आठवड्यात त्याच्या घरातून धूर आला. शेगडीवर भांडं ठेवून तो चेंडू मारायला गेला होता. बंबवाले आले. दुसऱ्या दिवशी त्याची मुलगी नायमेखन नावाच्या शहरातून आली. ती तिथल्या विद्यापीठात नोकरीला, बापासारखीच उंच, बोलायला सरळ. तिचं डॉक्टरांशी बोलून झालं होतं. मार खाल्लेलं डोकं आता विसरत जाणार, थांबणार नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. नायमेखनमध्ये तिच्या घराजवळ म्हाताऱ्यांना सांभाळतात असं एक घर होतं. तिथे तिने खोली बघून ठेवली होती. हा जायला तयार नव्हता. या घरात बायको वारली, इथूनच मीही जाणार, म्हणाला. मुलगी ओरडली, हाही ओरडला, सगळी गॅलरी दारात आली.

शेवटी यानेच तोड काढली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलीने यायचं. तिच्यासमोर तो अठरा माणसं म्हणून दाखवेल, न थांबता, न चुकता. जोवर म्हणतोय तोवर हे घर त्याचं. ज्या दिवशी चुकेल त्या दिवशी तो स्वतः बॅग भरेल.

मुलगी म्हणाली, "आणि चूक झाली हे कोण ठरवणार? तुम्ही दर वेळी माझ्याशी भांडाल."

त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

मी सुनेला म्हटलं, "त्याला सांग, मला त्या खेळातलं काही कळत नाही."

तो सुनेला म्हणाला, "तिला सांग, म्हणूनच." मग माझ्याकडे वळून, हळूहळू, मला कळेल असं इंग्रजी बोलला. "आजी, मला तीन बोटं दाखवणारा माणूस नकोय."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ठीक आहे. ही बाई खोटं बोलेल असं वाटत नाही." तिथले लोक असं तोंडावर बोलतात. मला बरं वाटलं.

मी नावं मराठी अक्षरांत वहीत उतरवून घेतली आणि पाढ्यांसारखी घोकली. मला घोकायची सवय आहे. शाळेत तेवढंच शिकवलं. आठवड्यात पाठ झाली. फक्त चौथ्या ओळीतले डस्टी आणि रस्टी मला छळायचे. कोण आधी, कोण नंतर, हे मला वहीत बघावं लागायचं. तो हसायचा. "डस्टी डावीकडे, रस्टी उजवीकडे. डस्टीला उजवीकडे पाठवलंस तर तो तिकडेच बसून राहील, आळशी होता."

पहिले रविवार सरळ गेले. अकरा वाजता मुलगी यायची, कॉफी करायची, एकेक बिस्किट द्यायची. हा उठून अख्खा डबा समोर ठेवायचा. मग उभा राहायचा, चेंडू दोन्ही हातांत, आणि सुरू. मॅक, थाप, स्पड. मुलगी बोटांवर मोजायची. संपलं की तो माझ्याकडे बघायचा आणि मी दोन बोटं पुढे करायची, त्या पांढऱ्या कोटवाल्यासारखी. तीन महिने संपून मी गावी आले की सून फोनवर त्याला दाखवायची. आमच्याकडे तेव्हा दुपार टळत आलेली असायची. मी अंगणात फोन भिंतीला टेकवून बसायची आणि तिथून दोन बोटं करायची. शेजारणी विचारायच्या, काय चाललंय? मी म्हणायची, सामना आहे.

अशी दोन वर्षं गेली.

मग मी पुन्हा गेले त्या उन्हाळ्यात तो दोनदा आमच्या दाराला किल्ली लावताना सापडला. एकदा चेंडू न घेताच खाली उतरला आणि झाडांसमोर नुसता उभा राहिला. मी मुलाला सांगितलं. मुलगा म्हणाला, "आई, वय झालंय, होतं असं." मी म्हटलं, "वय माझंही झालंय."

महिन्याचा पहिला रविवार आला. मुलगी आली, कॉफी झाली, बिस्किटं झाली. तो उभा राहिला. त्या दिवशी त्याने दाढी केली होती आणि स्वच्छ सदरा घातला होता. त्यालाही काही कळत असावं.

"मॅक," तो म्हणाला. "स्पड."

चेंडू हातातच होता. हलला नाही.

"डॉक, ब्लू, नॉबी." पुढे सगळं बरोबर, एकही अडखळ नाही. डस्टीही जागेवर, रस्टीही जागेवर. "टॉवर, बेकर, निप."

मुलगी बोटांवर मोजत होती. सतरा नावं झाली. दर वेळी सतराच व्हायची. ती नावं मोजायची, थाप कधी मोजत नसे. तिने श्वास सोडला आणि हसली. मी तिला तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं. सून म्हणाली, "वा, अंकल!"

तो माझ्याकडे बघत होता.

लहानपणी शाळेत गोष्ट होती. दहा जण नदी पार करतात आणि मोजणारा स्वतःला सोडून मोजतो, नऊच भरतात. सगळे रडत बसतात. आम्ही त्यावर खूप हसायचो. त्या खोलीत मला ती गोष्ट आठवली आणि हसू आलं नाही.

मला दोन बोटं करता आली असती. कुणाला कळलं नसतं. त्यालाही नाही. एक महिना मिळाला असता, कदाचित दोन. मुलगी हसत गेली असती. पण मला तो भला डॉक्टर आठवत होता, ज्याला कुणाचं मन मोडवत नसे.

मी एक बोट पुढे केलं.

मुलगी म्हणाली, "का? सगळी म्हटली ना त्यांनी!"

तो माझ्या बोटाकडे बघत होता. मग त्याने विचारलं, "कोण राहिला?"

मी म्हटलं, "यू."

त्याने हातातल्या चेंडूकडे पाहिलं. ओठ हलवून पहिली ओळ मनात म्हटली असावी, कारण मध्येच थांबला. मग चेंडू उचलून छातीवर आपटला. आवाज आला. माझे टाके होते तिथेच लागला.

"उशीर झाला," तो म्हणाला. "सामना संपल्याचा भोंगा वाजून गेला."

मुलगी उठली आणि भिंतीकडे तोंड करून कप धुवू लागली. कप धुतलेलेच होते.

तो माझ्याजवळ आला, ते वाकडे हात पुढे केले आणि माझा हात धरला. "तीन नाही दाखवलीस," म्हणाला. मग आतल्या खोलीत गेला आणि बॅग भरायला लागला. त्याने शब्द दिला होता.

घरी मुलगा माझ्यावर चिडला. "आई, तुला काय गरज होती? एक थाप तर होती! अजून महिनाभर राहिला असता बिचारा."

"आणि महिन्याने?"

सून म्हणाली, "मला नसतं जमलं, आई."

"म्हणून तर तुला नेमलं नाही," मी म्हटलं.

मला वाईट वाटलं का, असं गावी आल्यावर एक-दोघींनी विचारलं. वाटलं. जेवण गेलं नाही दोन दिवस. पण वाईट वाटतं म्हणून आकडा बदलत नाही.

जाताना त्याने चेंडू माझ्याकडे ठेवला. शिवण पुन्हा सैल झाली आहे म्हणाला. झाली नव्हती. कात्रणाची चौकट मात्र बगलेत धरून नेली. त्याच्या घरात महिन्याभरात एक तरुण जोडपं आलं. त्यांच्या चार सायकली आहेत.

पुढच्या वर्षी मी नायमेखनला गेले. मुलगा सोबत होता, दोनदा गाडी बदलावी लागली. चेंडू पिशवीत होता. घर स्वच्छ होतं, खिडकीतून गवत दिसत होतं. तो खुर्चीत बसला होता, मांडीवर पांघरूण. अर्धी चड्डी नव्हती, कुणीतरी लांब विजार घातली होती. कात्रण भिंतीवर होतं. मुलीने माझं नाव सांगितलं, मग आजी म्हणून सांगितलं. त्याने मान हलवली, जशी कुणाहीसाठी हलवतात. मला ओळखलं नाही. मुलगा म्हणाला, "चल आई, दमतील ते."

मी खुर्ची ओढून समोर बसले आणि चेंडू काढला. वही आणली नव्हती.

"मॅक," मी म्हटलं. तो बघत राहिला. मी पुढे वाकले, चेंडू त्याच्या छातीला लावला, एक थाप. "स्पड."

त्याचा चेहरा तसाच. मी पुढे गेले. डॉक, ब्लू, नॉबी. कर्ली, स्विफ्टी, बर्ट. मोठ्याने, शाळेत म्हणायचो तशी. दारातून एक नर्स डोकावली आणि गेली. चौथी ओळ आली.

"रस्टी, मूस, डस्टी," मी म्हटलं.

पांघरुणाखाली काहीतरी हललं. त्याचा उजवा हात बाहेर आला, सावकाश, आणि त्यातलं एक वाकडं बोट माझ्यासमोर उभं राहिलं. एकच.

मुलाला काही कळलं नाही. मुलीला कळलं.

बोट खाली येईना. मी डस्टीला डावीकडे नेलं, रस्टीला उजवीकडे, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.